लाभाची रेघ

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आमचे सर चांगले ठणठणीत आहेत, रोज सकाळी बदनापूरच्या रस्त्यावर हात हलवत फिरायला जातात, त्यामुळे मला बोलायला काही हरकत नाही. आणि चांगलंही बोलणार आहे. निम्मं तरी.

आमची कंपनी भाजीपाल्याच्या बियाण्यांची. जालन्यात अशा कंपन्या पुष्कळ, त्यातली एक. शेतकऱ्यांकडून मिरची, टोमॅटो, भेंडी, दोडक्याचं बी यायचं, मशीनवर साफ व्हायचं, मग बायका टेबलावर बसून ते हातानं निवडायच्या आणि शेवटी पाकिटात भरायच्या. मी तिथं स्टोअर सांभाळतो. सर क्वालिटीचे प्रमुख म्हणून आले तेव्हा आम्हाला वाटलं, आला आणखी एक सह्या करणारा. पण हा गडी वेगळाच निघाला. शर्टाच्या मागच्या बाजूनं कॉलरमध्ये लाकडी फूटपट्टी खोचलेली. तिनंच पाठ खाजवायचे, तिनंच रेघा मारायचे. पहिल्या दिवशी मालकांच्या केबिनमध्येही ती तशीच घेऊन गेले होते म्हणे.

सरांचं एकच वेड होतं. कुठलीही गोष्ट चित्रात दाखवायची. बोलून काही उपयोग नसतो, बोललेलं वाऱ्यावर जातं, काढलेलं भिंतीवर राहतं, असं त्यांचं म्हणणं. बदनापूरहून रोज रेल्वेनं यायचे. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याच्या टपरीवर त्यांनी एक मोठा कागद चिकटवला होता आणि गाडी रोज किती उशिरा आली त्याचा ठिपका त्यावर टाकायचे. ठिपके जोडून रेघ, रेघेच्या वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ, गाडी बहुधा ह्या दोहोंच्या मधे यायची. नोकरीवर जाणारी मंडळी आधी हसायची. मग हळूहळू तो कागद बघूनच चहा घ्यायचा का नाही ते ठरवायला लागली. सर म्हणायचे, "गाडी उशिरा येती ह्याचं काही वाटत न्हाई. किती उशिरा येणार हे ठरलेलं न्हाई, दुखणं ते हाय." चहावाल्यानं पुढं त्या कागदाला प्लास्टिक लावून घेतलं.

घरीही तेच. त्यांच्याकडं एकदा जेवायला गेलो तर स्वयंपाकघरात गॅसमागच्या भिंतीवर तक्ता. दूध कितीदा उतू गेलं, कुठल्या वारी, का. वहिनींना मी विचारलं, तुम्हाला राग येत नाही का? त्या म्हणाल्या, पहिल्यांदा आला होता, पण त्यात असं निघालं की दूध जास्त करून हेच उतू घालवतात, तेव्हापासून मीच खुणा करते. सर मान खाली घालून वरण ओरपत होते. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला होता.

माशाच्या काट्याची गंमत तर अख्ख्या कंपनीला पाठ आहे. एखाद्या बिघाडाची कारणं शोधायला सर एक चित्र काढायचे. मधे एक आडवी रेघ, तिला दोन्ही बाजूंनी तिरप्या रेघा, टोकाला बिघाड. माशाच्या काट्यासारखं दिसतं म्हणून तेच नाव. आमचे शेठजी पक्के शाकाहारी, कांदासुद्धा कंपाउंडच्या बाहेर खाऊन यावा अशा मताचे. ऑफिसच्या भिंतीवर मासा बघून त्यांचं डोकंच फिरलं. सरांनी वाद घातला नाही. रातोरात नव्हे, तिथल्या तिथं, फूटपट्टी काढली, तिरप्या रेघांना बारीक पानं काढली आणि म्हणाले, घ्या शेठजी, कडुलिंबाची डहाळी. शेठजी खूश. तेव्हापासून आमच्याकडं कुठलीही भानगड झाली की लोक म्हणायचे, चला डहाळी काढा.

आणि 'का' विचारायचे. एकदा नाही, उत्तर संपेपर्यंत. पट्टा तुटला. का? घासला. का? वाकडा बसवला. का? मिस्त्रीला घाई होती. का? असं करत करत बिचारा मिस्त्री शेवटी म्हणाला, साहेब, माझं लगीन लवकर झालं ना, त्याच्यामुळं. 

आता त्यांचं खरं काम सांगतो, कारण तेही सांगायलाच पाहिजे. सर यायच्या आधी निवडणीच्या हॉलमध्ये सुपरवायझर नुसता ओरडायचा. खराब बी सापडलं असं कुठल्या बाईनं सांगितलं की तिलाच शिव्या. त्यामुळं बायका सांगायच्याच नाहीत. गुपचूप बाजूला टाकायच्या, नाही तर तसंच पुढं जाऊ द्यायच्या. सरांनी काय केलं, प्रत्येक पिशवीबरोबर एक कागद द्यायला सुरुवात केली. त्यावर चार रकाने. पोचट, फुटकं, काळं, परक्या जातीचं. खराब बी दिसलं की त्या रकान्यात एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. लिहिता येण्याची गरज नाही. आणि सगळ्या बायकांना गोळा करून त्यांनी शब्द दिला. मी तिथंच उभा होतो. म्हणाले, "ह्या कागदावर कुणाचंबी नाव येणार न्हाई. तुम्हाला जेवढं दिसंल तेवढ्या रेघा मारा. रेघ मारली म्हणून कुणाला बोलणं बसलं तर मी नोकरी सोडीन."

बायकांनी विश्वास ठेवला. आणि तक्ते खरं बोलायला लागले. फुटकं बी कुठल्या वेळेला जास्त येतं ते सरांनी चितारलं, तर ते दुपारच्या जेवणानंतर वाढलेलं. जाऊन बघतात तर दुपारी हमालांना लवकर मोकळं व्हायचं असायचं, ते पोती वरून धाडकन सोडायचे. कुणाला रागावले नाहीत. बी ज्या लोखंडी नळीतून खाली पडायचं तिला आतून गोणपाट लावून घेतलं, बस. तक्त्यात प्रत्येक दोषाला एक उभा खांब, त्यातला फुटक्याचा निम्म्यावर आला. तक्ता बघून हमालांनीच टाळ्या वाजवल्या. असा दिवस आमच्या कंपनीत त्याआधी कुणी बघितला नव्हता, आणि खरं सांगतो, मी त्या काळात घरी जाऊन बायकोला सरांच्याच गोष्टी सांगायचो.

फक्त पोचट काही हटेना. पोचट बी म्हणजे आत दाणा नसलेलं, हलकं. मशीनच्या हवेनं ते उडून जायला पाहिजे. सरांच्या तक्त्यात मात्र पोचटाचा खांब सगळ्यांत उंच, आज काय अन् उद्या काय, तसाच. त्यांनी हवा वाढवून बघितली, कमी करून बघितली, पंखा बदलायला लावला, बाहेरून मिस्त्री आणला. डहाळीवर डहाळी काढली. त्यांचं वर्ष त्या पोचटात गेलं.

मग छोटे शेठ आले. शेठजींचे चिरंजीव, पुण्याहून शिकून. मुलगा वाईट नव्हता, पण घाईचा फार. एक मोठं गिऱ्हाईक कंपनी बघायला येणार होतं, त्यांच्या माणसांना पसंत पडलं तर पाच-सहा कंपन्यांचा माल आमच्याकडं येणार. छोटे शेठना भिंतीवरचे तक्ते फार आवडले. पण म्हणाले, दोष कुठल्या प्रकारचा ते ठीक आहे, दोष कुठून येऊन राहिला ते दाखवा. टेबलवार खांब काढा. सर आधी नाही म्हणाले. छोटे शेठ म्हणाले, नाव कुठं लिहायला सांगतो, नुसता टेबलाचा नंबर लिहा.

आता एका टेबलावर बसते एक बाई. वर्षानुवर्षं तीच. नंबर लिहिला काय अन् नाव लिहिलं काय? हे मला कळत होतं तर सरांना कळत नव्हतं? पण छोटे शेठ कौतुक करत होते, पाहुण्यांसमोर सर स्वतः बोलणार असं ठरलं होतं, आणि सरांनी फूटपट्टी काढली.

खिडकीजवळच्या टेबलाचा खांब बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेला. त्या टेबलावर द्वारकाबाई बसायच्या. मूळच्या धनगराच्या घरच्या, नवरा मेंढरं विकून जालन्यात आलेला, टेम्पोवर होता. कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासून ही बाई तिथं. नजर अशी की मिरचीच्या बियांत टोमॅटोचं एक बी गेलं तर हातच थांबायचा. म्हणून तर नव्या वाणाच्या, नमुन्याच्या छोट्या छोट्या पिशव्या खास तिच्याच टेबलावर जायच्या. बाकीच्या बायकांना दिवसाकाठी मोठी एखाद-दुसरी पिशवी, हिला किती तरी बारक्या. छोटे शेठनी खांब बघितला आणि म्हणाले, वय झालंय, नजर गेली असेल, चांगलं बीही पोचट दिसत असेल, पाहुणे यायच्या आत ते टेबल मोकळं करा.

मला पटेना. मी मुद्दाम नव्या वाणाची पिशवी स्वतः घेऊन त्यांच्या टेबलावर गेलो. द्वारकाबाईंनी कागद पुढं ओढला, पेन्सिल उचलली, पहिल्या रकान्यात एक उभी रेघ मारली, पेन्सिल कपाळाला लावली आणि मग पिशवीचा दोरा सोडला.

"अहो, पिशवी उघडली न्हाई अन् पोचट सापडलं बी?"

"पोचट कसलं भाऊ? ती लाभाची हाय," त्या म्हणाल्या. "कोऱ्या कागदाची सुरुवात काय दोषानं करावी का? तुमीच सांगा."

माझे वडील जुन्या जालन्यात मोंढ्यात मापाडी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला ते कधी 'एक' म्हणाले नाहीत. 'लाभ' म्हणायचे, मग दोन, मग तीन. सगळेच तसं म्हणतात, खळ्यावर काय अन् दुकानात काय. मी लहानपणापासून ऐकत आलेलो आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी बाकीच्या टेबलांवर फिरलो. सगळ्या जुन्या बायका तेच करत होत्या. नवीन कागद, पहिली रेघ लाभाची, पहिल्याच रकान्यात. आणि पहिला रकाना पोचटाचा. ज्या बाईला दिवसाला एक मोठी पिशवी, तिची लाभाची रेघ एक. द्वारकाबाईंना जितक्या पिशव्या तितके कागद, तितक्या रेघा. तिचा खांब दोषांनी उंच झालाच नव्हता, लाभानं झाला होता.

मी धावत सरांकडं गेलो. सांगितल्याबरोबर त्यांना कळलं, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. सगळे कागद काढले, प्रत्येकातली एक रेघ वजा केली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माझ्यासमोर नवे खांब काढले. द्वारकाबाईंचा खांब सगळ्यांत बुटका निघाला. पोचटाचा खांबही बसला खाली. सरांचं अख्खं वर्ष, पंखा, मिस्त्री, सगळं एका रेघेपायी गेलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. मी म्हणालो, सर, असू द्या, चूक सापडली ना, आत्ता जाऊन छोटे शेठना दाखवू.

"उद्या पाहुणे येऊन राह्यलेत," सर म्हणाले. त्यांनी कॅलेंडरचा कागद चार घड्या करून खिशात ठेवला.

मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधी केबिनमध्ये गेलो, सरांनाही बोलावून घ्यायला लावलं आणि छोटे शेठना सगळं सांगितलं. लाभ म्हणजे काय इथपासून. छोटे शेठनी ऐकून घेतलं, हे कबूल करतो. मग ते सरांकडं वळले. म्हणाले, "सर, असं असंल तर हे सगळे तक्ते चुकीचे झाले की. असंय का बराबर सांगा."

सरांनी भिंतीकडं बघितलं. वर्षभराचे तक्ते तिथं ओळीनं, पाहुण्यांसाठी चौकटी करून लावलेले.

"कागदावर जे हाय ते हाय," सर म्हणाले. "मी त्यात हात घालत न्हाई."

बाहेर आल्यावर मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, आज तक्ते खोटे ठरले तर उद्या एकही तक्ता भिंतीवर राहणार नाही, पुन्हा तो सुपरवायझर, पुन्हा ते ओरडणं, पुन्हा बायकांचं लपवणं; एका बाईचं काम जाईल, तिला दुसरीकडं मिळेल, पण बाकीच्यांचं भलं होईल. आवाजात एवढा ठामपणा होता की क्षणभर मलाही बरोबर वाटलं. मग आठवलं की नोकरी सोडीन असं ह्याच तोंडानं म्हणाले होते. नोकरी सोडणं राहू द्या, एक वाक्य बोलायचं होतं फक्त. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, त्यात निदान चोराला आपण चोर आहोत हे माहीत तरी असतं. ह्यांना स्वतःचं पटलं होतं.

द्वारकाबाईंना त्याच सकाळी, पाहुणे यायच्या आत घरी बसवलं. काढताना त्यांना तो तक्ता दाखवला, नजर गेली म्हणून सांगितलं. त्या भांडल्या नाहीत, मी बाहेर गाठ घ्यायला गेलो तोवर रिक्षात बसून गेल्याही होत्या. नंतर सर एकटेच सगळ्या टेबलांवर गेले आणि हळू आवाजात प्रत्येकीला सांगितलं, लाभाची रेघ मारायची नाही, देवाचं नाव मनात घ्या. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात पोचटाचा खांब धाडकन खाली आला. खिडकीजवळच्या टेबलाचा तर दिसेनासाच झाला. छोटे शेठनी पेढे वाटले. मी माझा पेढा स्टोअरच्या कट्ट्यावर ठेवला, मुंग्यांनी खाल्ला.

बायका मात्र शहाण्या. त्यांनी काय बघायचं ते बघितलं होतं. हळूहळू सगळ्या टेबलांचे कागद एकसारखे यायला लागले. कुणाची रेघ जास्त नाही, कुणाची कमी नाही, डबा खाताना ठरवून घ्यायच्या. भिंतीवरचे खांब एका उंचीचे, बघायला सुंदर. खराब बी पाकिटात जायला लागलं ते तक्त्यात आलंच नाही. सरांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण आता ते कुणाला 'का' म्हणून विचारत नसत.

निवृत्त झाल्यावर सर ठिकठिकाणी व्याख्यानं द्यायला लागले. अंकुशनगरला साखर कारखान्यावर, कुठं कुठं उद्योजकांच्या संघटनेत. एकदा जालन्यातच होतं, कंपनीनं आम्हा सगळ्यांना पाठवलं. सर छान बोलतात. रेल्वेचा तक्ता, डहाळीची गोष्ट, लोक पोट धरून हसले. मग पडद्यावर दोन खांब आले. आधीचा उंच, नंतरचा बुटका. सर म्हणाले, दोष नेमका कुठल्या टेबलावर आहे हे तक्त्यानं दाखवलं, योग्य तो बदल केला, आणि हा बघा परिणाम. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढचं चित्र लावलं. मी उठून आलो. जेवण होतं, तेही घेतलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी जुन्या जालन्यात किराणा भरायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली, डोळ्यांना भलामोठा चष्मा. तिनंच हाक मारली. द्वारकाबाई. मोसंबीच्या आडतीवर क्रेट उचलायला जात होत्या. मी म्हणालो, तुम्ही अन् क्रेट? तिथं मोसंबी निवडायलाही बायका लागतात की. तर म्हणाल्या, नको, निवडायचं काम आता करत न्हाई, घरी तांदूळसुद्धा सूनच निवडते. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत, चष्म्याची गरज नाही. ह्यांनी ऐकलं नाही. फूटपाथवरून स्वतःच घेतला. मी विचारलं, डॉक्टर नाही म्हणतोय तर कशाला?

"डॉक्टरनं एकदा बघितलं, भाऊ. सरांनी वर्षभर बघितलं. सर कसे हायेत? बरे हायेत ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाची ही बाई अजून विचारपूस करत होती. मी तिथंच पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. लाभाच्या रेघा, पिशव्या, बुटका खांब. म्हणालो, तुमच्या नजरेत काही खोट नव्हती, लाभ सोडला तर सगळ्यांत कमी रेघा तुमच्याच होत्या. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

त्या म्हणाल्या, "सरांला ठाऊक हुतं का हे?"

"होतं."

"मला घरी बसवायच्या आदी?"

"आधी."

दुकानदारानं त्यांचं सामान बांधून पायरीवर आणून ठेवलं. त्यांनी ते घेतलं नाही. चष्म्याआडून माझ्याकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो माझ्यावर होता.

"कशाला सांगितलं तुमी?" त्या म्हणाल्या. "डोळे गेल्ते म्हनून घरी बसले, हे सुनेला सांगता येतं, चार बायांत सांगता येतं. आता काय सांगू, लाभ मागितला म्हनून काढलं?"